वरवंट्याचं बारसं

राग आणि ऊन, दोन्ही एकदम डोक्यावर घेऊन बाईमाणसाने घराबाहेर पडू नये म्हणतात. सुलोचनाबाई त्या दिवशी दोन्ही घेऊन निघाल्या.

काम तसं साधंच होतं. त्यांच्या मुलाने, केतनने, बाळासाठी फोनवर एक लाकडी कॉट बघून ठेवली होती. कुणाची तरी वापरलेली, पण भक्कम. ती आणायला ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीहून, म्हणजे केतनच्या गावाहून, दोन-अडीच तास आत वाळवंटात, टॅलिस सोक नावाच्या गावाला जायचं होतं. केतन खाणीत इंजिनिअर. त्याला सुट्टी लागली होती, म्हणाला, "चला सगळेच. आईचं पण फिरणं होईल." त्याची गाडी म्हणजे ती यूट, पुढे घरची माणसं बसणार आणि मागे उघडा हौदा. हौद्यात कॉट आरामात मावेल, असा त्याचा बेत.

"दुसऱ्याच्या पोराची कॉट," सुलोचनाबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. शेजारी बेबीसीटमध्ये बाळ झोपलं होतं.

"आई, लाकूड बघ तिचं. असलं आता मिळत नाही."

"लाकडाचं काय घेऊन बसलास. पोराचं अजून नाव नाही ठेवलं, आणि निजवायची घाई."

"ठेवलंय नाव. ओजस. रजिस्टर पण झालं."

"कानात कोण म्हणालं?"

यावर केतनने आरशातून मागे बघणंच सोडलं.

कानात नाव सांगायचं काम आत्याचं. आत्या होती की, चांगली धडधाकट. मयूरा, केतनची धाकटी बहीण, मेलबर्नकडे वेरिबीत राहणारी. पण दोघांच्यात बोलणं बंद. वडील गेले तेव्हा मयूरा साताऱ्याला धावली, उशाशी बसली. केतनला रजा मिळाली नाही, त्याने सगळं मोबाईलवर पाहिलं. पुढे कशावरून तरी वाजलं आणि मयूरा बोलून गेली, "दादा, तू बाबांना स्क्रीनवरच पोचवलंस." झालं. तो बोल त्याच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. म्हणून बाळ दोन महिन्यांचं होऊन गेलं तरी बारसं नाही. केतन त्याला तिकडच्या रीतीने 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणायचा. सुलोचनाबाईंना वाटायचं, हमालाला हाक मारतोय.

"भावना, तू तरी सांग याला," त्या सुनेला म्हणाल्या.

"आई, मी बाळंतीण आहे, पंच नाही. तुमच्या दोन मुलांचं भांडण तुम्ही मिटवा." भावना हॉस्पिटलात फिजिओ होती, दुखरी जागा बरोबर दाबायची.

सुलोचनाबाईंच्या आईची एक समज होती, आणि तीच त्यांची. कानात नाव पडेस्तोवर पोर उंबऱ्यावर असतं. आतही नाही, बाहेरही नाही. जो आधी हाक मारील, त्याच्याकडे जातं. म्हणून तर बारसं लांबवायचं नाही. पण हे सांगितलं की केतन हसायचा, आणि हसला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

टॅलिस सोकला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. रस्त्यावर कुत्रं नाही. पत्र्याची छपरं उन्हाने कडकड वाजत होती, माती कुंकवासारखी लाल. कॉटवाला माणूस गावाबाहेर राहत होता आणि कॉट अजून खोलायची होती. केतन म्हणाला, "तुम्ही उन्हात कशाला येता? ते बघा, म्युझियम आहे. पाऊण तासात आलोच." आणि तिघांना दारात उतरवून निघून गेला.

टॅलिस कॉटेज. गावातलं सगळ्यांत जुनं घर. चार खोल्या, भोवती पडवी, वर पत्रा. दारात ग्लेनिस नावाची सत्तरीतली बाई बसली होती, गळ्यात चष्म्याची दोरी, स्वभावाने गोड. बाळ बघून तिला कोण आनंद झाला. "कम इन, लव्ह, आत जरा तरी बरं आहे," म्हणाली, आणि घर दाखवायला स्वतः उठली. ती इंग्रजीत सांगायची, भावना मराठीत करून द्यायची.

हा रॉबर्ट टॅलिस, सोनं शोधत आला, पाण्याचा झरा सापडला, गाव वसवलं. हे त्याचे दोन उंट, सुलतान आणि राणी. हा कुत्रा, बडी. भिंतीवर सगळ्यांचे फोटो, खाली नावं. ही बायको, ईडिथ, नऊ वर्षं मूल नव्हतं. इथे आल्यावर देव पावला. आणि हा तो मुलगा, आर्थर, पुढे गावाचा पहिला मेयर.

मेयरचा फोटो दारावर टांगला होता. कोट, साखळीचं घड्याळ, जाड मिशा. सुलोचनाबाई मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या.

"हा तर आपल्याकडचा आहे," त्या म्हणाल्या.

"आई, हळू."

"तिला मराठी कळतंय होय? या भिवया बघ. ही हनुवटी बघ. फेटा बांध डोक्याला आणि आमच्या पारावर नेऊन बसव, कुणी विचारणार नाही कुठला म्हणून."

भावनाने फोटोकडे पाहिलं, आणि मग पुन्हा एकदा पाहिलं.

मग झोपायची खोली. आत पाऊल टाकलं तसा सुलोचनाबाईंना वास आला. शेगडीवरच्या ओव्याची, शेपांची धुरी, आणि खोबरेल तेल. बाळंतिणीच्या खोलीचा वास. त्यांना वाटलं, आपल्याच लुगड्याला लागला असेल, सकाळी बाळाला शेकलं होतं. पण तो वास ताजा होता. कोपऱ्यातून येत होता.

कोपऱ्यात पाळणा होता. दोन खांबांना टांगलेला, लाकडी, पुढे दोरी लावून लोकांना अडवलेलं. वर भिंतीला एक फोटो. ईडिथबाई खुर्चीत, मांडीवर बाळ, मागे हाच पाळणा. आणि फोटोच्या कडेला, जिथे तो कापला होता तिथे, एक हात. काळासावळा, मनगटभर काचेच्या बांगड्या. पाळण्याच्या कठड्यावर ठेवलेला. बाकी बाई कात्रीने गेलेली.

"ही कोण?" भावनाने विचारलं.

"ती होय," ग्लेनिस म्हणाली. "आया. ईडिथने मुंबईहून आणली होती. त्या काळी इथल्या बऱ्याच घरांत होत्या अशा आया."

"नाव काय तिचं?"

"नाव नाही ठाऊक. आयाच म्हणायचे."

सुलोचनाबाईंनी ते भाषांतर होईपर्यंत धीर धरला. मग म्हणाल्या, "उंटांची नावं आहेत ना?"

"आई..."

"विचार तिला. उंटांची आहेत, कुत्र्याचं आहे. विचार."

भावनाने विचारलं नाही. विचारलं असतं तर ग्लेनिसला काय उत्तर देता आलं असतं? तिच्या परीने तिने होतं तेवढं सांगितलं. आर्थर जन्मला आणि त्या आयेचं डोकं फिरलं म्हणे. बाळ माझं आहे म्हणायची. दूध पाजायला मागायची. टॅलिससाहेबाला तिला मागच्या धुण्याच्या खोलीत कोंडावं लागायचं. मग एका जानेवारीत, इकडच्या ऐन उन्हाळ्यात, मागच्या दाराने चालत गेली, रानात. पाणी नाही, पायात काही नाही. सापडली नाही. "सॅड, रिअली," ग्लेनिस म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. "त्यांच्यातल्या एकीचंही थडगं नाही गावात."

"आणि हे काय?" भावनाने पाळण्यात बोट दाखवलं.

"बेड वॉर्मर. हिवाळ्यात चुलीत तापवून बाळाच्या पायाशी ठेवायचे. याची एक गंमत आहे. आम्ही पुसतो, पण दर उन्हाळ्यात यावर दोन काळे डाग परत येतात. आर्द्रता असेल."

वाळवंटात कुठली आलीय आर्द्रता.

सुलोचनाबाई दोरीवरून वाकल्या. पाळण्यात, विटून तपकिरी झालेल्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला, एक काळा वरवंटा होता. वाटून वाटून गुळगुळीत झालेला. आणि वरच्या टोकाला काजळाचे दोन डोळे.

तुम्ही बारसं पाहिलं असेल तर तुम्हाला सांगायला नको. आधी वरवंट्याला कापड गुंडाळून बाळ करायचं, पाळण्याच्या खालून वरून या बाईने त्या बाईला द्यायचं, मग पाळण्यात ठेवायचं. पोर दगडासारखं टणक व्हावं, म्हणून. त्यानंतर खरं बाळ घालायचं आणि वरवंटा काढून घ्यायचा. वरवंटा तसाच ठेवत नाहीत. इथे तो शंभराच्या वर वर्षं ठेवलेला होता. त्या बाईने आपल्या पोराचं बारसं मांडलं होतं, दगडापर्यंत आली होती, आणि पोर हातात दिलंच नाही कुणी.

सुलोचनाबाईंना हे सगळं एका नजरेत कळलं, आणि संताप आला. पण ज्याच्यावर चिडायचं तो समोर नसला की संताप आपल्याच माणसांवर निघतो. त्यांच्या मनात आलं, या बिचारीला बारसं करायला मिळालं नाही, आणि माझ्या घरात सगळं असून दोघं भाऊ-बहीण नाकं फुगवून बसलेत.

पुढे फोन वाजला म्हणून ग्लेनिस गेली. भावनाला उन्हाने गरगरत होतं. ती म्हणाली, "आई, याला धरा जरा. तोंडावर पाणी मारून येते."

खोलीत सुलोचनाबाई आणि नातू. बाहेर पत्रा वाजायचा तोही थांबला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पाळणा समोर, वरवंटा समोर, बाळ कडेवर. त्यांनी दोरीची कडी काढली. बाळाला खाटेवर उशीच्या आडोशाला ठेवलं आणि रागारागाने पुटपुटल्या, "आत्या नाही तर नाही. अडत नाही कुणावाचून. बारशाला बायका लागतात, या घरात कुणी बाईमाणूस असेल तर व्हा पुढे."

वरवंटा उचलला. त्या पत्र्याच्या भट्टीत तो माठासारखा गार होता. पद्धतीप्रमाणे त्यांनी तो पाळण्याखालून पलीकडे सरकवला, आणि घ्यायला वरून दुसरा हात नेला.

पलीकडून तो त्यांच्या हातात दिला गेला.

रागात माणसाला उशिरा कळतं. त्यांनी तो पुन्हा खालून दिला, पुन्हा वरून घेतला. तिसऱ्यांदा देताना त्यांच्या बोटांना काच लागली. गार, गोल काच... बांगडीची असते तशी. तेव्हा कुठे त्यांना कळलं. पण हात थांबले नाहीत. हातांना सवय असते. वरवंटा बाजूला ठेवला, बाळाला पाळण्यात घातलं, आणि त्या त्याच्या उजव्या कानाशी वाकल्या.

तोंड उघडायच्या आत, डाव्या बाजूने, अगदी बाळाच्या कानाशी...

"कुर्र..."

आवाज बाईचा होता. घसा कोरडा पडलेला. त्यामागून एक नाव आलं, ते त्या बाळापुरतंच होतं, सुलोचनाबाईंपर्यंत पोचलं नाही. खाटेवर ठेवल्यापासून किरकिरणारं पोर गप्प झालं. त्याने मान डावीकडे वळवली. आणि दोन महिन्यांत कुणाला दिलं नव्हतं असं हसू त्या रिकाम्या बाजूला दिलं.

सुलोचनाबाईंनी त्याला उचललं. उचलवेना. दगडासारखं जड... गार... त्यांनी दात-ओठ खाऊन ओढलं तेव्हा कुठे आलं. वरवंटा पाळण्यात टाकला आणि बाहेर आल्या. भावना पडवीत उभी होती. "आई, काय झालं? पांढऱ्या पडलात."

"ऊन," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून बाळाने आईचं दूध सोडलं.

सोडलं म्हणजे, छातीशी घेतलं की मान डावीकडे. परकी बाई समजून लाजावं तसं. बाटलीतून चार घोट, तेही डोळे दुसरीकडे. ओजस म्हणून हाक मारा, टाळी वाजवा, खुळखुळा वाजवा, ढुंकून बघत नव्हतं. दुपारी मात्र एकटं पडलं की डाव्या बाजूला बघून खुदखुद हसायचं. हॉस्पिटलात कान तपासले, उत्तम. काट्यावर वजन उतरत होतं. आणि सुलोचनाबाईंनी मांडीवर घेतलं की मांडीला रग लागायची, एवढं जड.

भावना आधी रडली, मग भडकली. "आई, त्या घरात तुम्ही काय केलंत?"

सुलोचनाबाईंनी सांगितलं. सगळं. खाली मान घालून नाही, वर बघून सांगितलं, कारण राग अजून होताच, आता स्वतःवरही होता.

केतन नवी कॉट जोडत बसला होता. तो ताडकन उठला. "काहीतरी बडबडू नकोस आई. भुतं म्हणे. तुझ्या त्या..." आणि मध्येच थांबला. बाळ पलंगावर होतं. त्याने हाक मारली, "ओजस." नाही. "मेट." नाही. तो बाळाच्या डावीकडे जाऊन बसला, पोरगं त्याच्याकडे बघेल म्हणून. बाळाने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि हसलं.

केतनने मागे वळून पाहिलं नाही. उठून फोन लावला.

"मयूरा, आत्या म्हणून ये. ताबडतोब ये. शिव्या नंतर दे."

तिकडून लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. मग, "शिव्या एअरपोर्टवरच देईन, दादा. तिकीट बघते."

आली ती. दोन विमानं बदलून, डोळे सुजलेले. एअरपोर्टवर दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मयूरा म्हणाली, "मी तसं बोलायला नको होतं." केतन म्हणाला, "खरं होतं म्हणून लागलं." एवढंच. नंतर त्याने तिची बॅग घेतली आणि तिने घेऊ दिली.

"इथेच करून टाकू बारसं," भावना म्हणाली.

"नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "जिथे नाव पडलं तिथेच सोडवायचं. आणि तिचं आधी. ती थांबलीय कधीची."

सकाळी घुगऱ्या शिजवल्या, डबा भरून घेतला. एक नवा खण. भावनाने ग्लेनिसला फोन करून काय सांगितलं कोण जाणे. फॅमिली सेरेमनी म्हणाली असेल. ग्लेनिसने दार उघडलं, आणि ती पडवीतच थांबली. तीही त्या खोलीत एकटी जात नसे, हे सुलोचनाबाईंना तिच्या पायांकडे बघून कळलं.

आत तोच वास. वरवंटा पाळण्यात. अंगावर खण नीट पांघरलेला. सुलोचनाबाईंनी तर वरवंटा तसाच टाकला होता.

केतन दाराशी उभा राहिला, भावना बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून. सुलोचनाबाई पाळण्यापाशी गेल्या, जुना खण काढला, नवा गुंडाळला, डोळ्यांना काजळ लावलं. मग त्या कापलेल्या हाताकडे बघून बोलल्या. आवाज चढलेला होता. भांडणातल्यासारखा.

"हे बघ बाई. तुझं पोर तुझ्या डोळ्यादेखत दुसरीच्या मांडीवर ठेवलं. तुला कोंडलं. फोटोतनं सुद्धा कापलं. या घरात जनावरांची नावं लिहिली, तुझं नाही लिहिलं. तुझ्या जागी मी असते तर हे घर उभं ठेवलं नसतं. पण हा माझा आहे. याच्या आईने काय केलंय तुझं? तुझं पोर हे, माझ्या हातातलं. याचं नाव तुझ्या मनात असेल ते ठेव. आम्ही विचारणार नाही. आणि माझं मला दे."

वरवंटा त्यांनी पाळण्याखालून सरकवला. वरून हात नेला. हात रिकामाच राहिला. वाकून पाहिलं, खाली काही नाही. पलीकडे काही नाही. पाळणा मात्र हलायला लागला होता... आतल्या वजनाने हलतो तसा, सावकाश, करकरत.

"मयूरा," त्या म्हणाल्या. "म्हण."

मयूरा वळून भावनाकडे वाकली. बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "कुर्र... ओजस."

बाळाने डोळे मिटले. उघडले. आणि मान, इतक्या दिवसांनी, उजवीकडे केली. आत्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि अस्सा टाहो फोडला की ग्लेनिस दारात धावत आली. भावना तिथेच खाली बसली आणि त्याला पदराखाली घेतलं. पोर पीत सुटलं. केतन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

सुलोचनाबाईंनी घुगऱ्या द्रोणात घालून मागच्या दारात ठेवल्या, जिथून ती गेली होती तिथे. रानाकडे बघून म्हणाल्या, "झालं तुझं बारसं. आता पोराला घेऊन घरी जा." राग गेला नव्हता. असला राग जात नाही, जाऊही नये. पण आता तो कुणाच्या तरी बाजूने होता.

परतताना सगळे हलके झाले होते. वाटेत पेट्रोलला थांबले. मयूरा खाली उतरून पाठ चोळत होती.

"आई, तू पण ना. आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ठाऊक आहे मला, पण केवढ्या जोराने मारलंस."

"मी?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "माझे दोन्ही हात पाळण्यापाशी होते."

मयूराने भावनाकडे पाहिलं. भावनाच्या हातात तर बाळ होतं. केतन दाराशी होता.

"मग मारलं कुणी? एकीचे हात नव्हते ते. चांगल्या पाच-सहा... हसत होत्या मागे. मला वाटलं तुम्हीच."

भावनाने तिला उजेडाकडे फिरवलं. पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर लाल मातीच्या मुठी उमटल्या होत्या. मोठ्या, बारीक, एकात एक मिसळलेल्या. भावना मोजायला लागली, आणि मध्येच थांबली.

"ग्लेनिस एकच म्हणाली होती ना?" मयूराने विचारलं.

"त्या घरात एक म्हणाली होती," सुलोचनाबाई म्हणाल्या. "बऱ्याच घरांत होत्या म्हणाली."

सगळे गाडीत बसले. गाडी निघाली. संध्याकाळ अजून लांब होती, रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना लाल रान. ओजस पोट भरून झोपला होता. थोड्या वेळाने केतनने गिअर बदलला, पुन्हा बदलला, कपाळाला आठी घातली.

"ओढत का नाहीये ही... मागनं दबलीय. आई, हौद्यात काही ठेवलंस का?"

"नाही."

"रिकामा आहे ना हौदा?"

रिकामा होता. निघताना त्यानेच हौद्याची मागची फळी लावली होती. मयूरा मागच्या काचेतून बघायला वळली, तशी सुलोचनाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बघू नकोस. पुढे बघ."

रस्त्यात एक खड्डा आला. गाडी आदळली, आणि मागे हौद्यात काचेच्या बांगड्या किणकिणल्या. एकीच्या नाही. पुष्कळजणींच्या. त्यामागोमाग काहीतरी जड, गोल, पत्र्यावरून घरंगळत निघालं... आणि अर्ध्यातच थांबलं. कुणीतरी लगबगीने उचलून मांडीवर घ्यावं, तसं.

केतनचा पाय ब्रेककडे गेला. "आई..." तो एवढंच म्हणाला.

सुलोचनाबाईंनी पदर आवरून घेतला.

"हळू चालव," त्या म्हणाल्या. "खड्डे चुकव. मागे पोर आहे."